ड्युटी लिस्ट लावताना

२४ तारीख, रात्र

नर्सेसच्या थकव्याबद्दल जे काही बोललं जातं, ते शेवटी ड्युटी लिस्टच्या एका चौकटीच्या कागदावर येऊन ठेपतं. १२ मेचे, परिचारिका दिनाचे सत्कार, ध्यानाची शिबिरं, ‘स्वतःची काळजी घ्या’ अशी पोस्टरं, यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण थकवा तयार होतो तो या कागदावर, आणि अडवायचा तर तो इथेच अडवता येतो, असं माझं पक्कं मत आहे.

तीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड धरू. सकाळी तीन सिस्टर, दुपारी दोन, रात्री दोन. दिवसाला सात ड्युट्या, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात २१०. साप्ताहिक सुट्ट्या, नाईट ऑफ, रजा, आजारपण वजा जाता एका सिस्टरकडून महिन्याला २२ ड्युट्या होतात असं समजू. २१० भागिले २२ म्हणजे साडेनऊ. दहा जणी हव्यात. ‘सात लागतात, आठ दिल्यात की’ असं ऑफिसातून उत्तर येतं, तेव्हा आठ गुणिले २२ म्हणजे १७६ ड्युट्या भरतात आणि ३४ उघड्या राहतात. त्या आठ जणींत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला चारहून थोड्या जास्त. महिन्यातल्या साप्ताहिक सुट्ट्याही चारच. सुट्ट्या जातात कुठे, याचा हिशोब एवढा सरळ आहे. तो कागदावर मांडून, खाली सही करून, दर महिन्याला मेट्रन ऑफिसला द्यायला हवा. तोंडी सांगितलेलं ‘स्टाफ कमी आहे’ हे वाक्य फायलीला लागत नाही.

आणि हा वॉर्ड तरी कुठे नियमात बसतो? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा पदं, असं आहे. वर धरलेल्या वॉर्डात रात्री पंधरा रुग्णांमागे एक येते. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सर्जरीच्या रुग्णांमध्ये नर्सकडचा एकेक रुग्ण वाढला, तशी तिला बर्नआउट होण्याची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी आणि रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथली तुलना चार रुग्णांपासून आठ रुग्णांपर्यंतची होती. पंधराचा रकाना त्यात नव्हताच.

माणसं वाढवणं इनचार्ज सिस्टरच्या हातात नसतं. ड्युट्यांचा क्रम मात्र असतो, आणि त्याचं मोल लोकांना कळलेलं नाही. दुपार करून दुसऱ्या दिवशी सकाळ लावू नये. आठला दुपार संपते, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवून, निघेपर्यंत पावणेनऊ, घरी जेवून अंग टाकेपर्यंत अकरा, आणि पहाटे साडेपाचला पुन्हा गजर. ही साडेसहा तासांचीही धड झोप नव्हे. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोसतो, कारण झोप उशिरा नेणं सोपं असतं, अलीकडे ओढणं अवघड. बारा तासांच्या रात्री सलग दोन, फार तर तीन. त्यानंतर पूर्ण दोन दिवस मोकळे. नाईट उतरलेला दिवस सुट्टीत धरणं ही शुद्ध फसवणूक आहे. तो दिवस झोपेत जातो, आणि बाईमाणूस असेल तर झोपेतही जात नाही, कारण घरी डबे, मुलं, पाहुणे ‘आज तू घरीच आहेस ना’ म्हणून वाट बघत असतात.

२५ तारीख, पहाट

तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताची-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. सकाळी सातला उठून, दुपारी न झोपता आठच्या नाईटला आलेली सिस्टर मध्यरात्रीच तिथे पोचते. म्हणून नाईटच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोप हा ड्युटीचाच भाग समजावा.

थकवा आधी टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी, श्वसन यांच्या तक्त्यावर दिसतो. श्वसनाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २०, म्हणजे न मोजताच भरलेलं. त्यावर मेमो काढण्याआधी त्या रात्री किती ॲडमिशन होत्या ते बघावं. पुढचा धोका इन्सुलिनचा. आपल्याकडे एका मिलिलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या बाटल्या मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० ची बाटली घेऊन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, अडीच पट. झोपेत पेंगणाऱ्या डोळ्यांना टोपीचा रंग दिसतो, पण मनात नोंदला जात नाही. ‘लक्ष द्या’ असं सांगून हे थांबणार नाही. वॉर्डच्या फ्रिजमध्ये एकाच ताकदीची बाटली ठेवायची, आणि देण्याआधी दुसरीने बाटली व सिरिंज दोन्ही मोठ्याने वाचायची.

दोघी असतील तर रात्री एक ते तीनच्या दरम्यान आळीपाळीने पंचवीस मिनिटांची झोप, गजर लावून, आडवं होऊन. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलं की उठल्यावर डोकं जड राहतं. उठून दहा-पंधरा मिनिटं गेल्याशिवाय इंजेक्शनला हात लावू नये. याला लेखी परवानगी हवी. ती नसते म्हणून साडेचारला टेबलावर डोकं टेकलं जातं आणि दचकून उठून थेट सहाचे अँटिबायोटिक भरले जातात. चहा-कॉफी पहाटे तीननंतर नको, नाहीतर सकाळी दहाला झोप लागत नाही. आणि नाईट उतरून लांब स्कूटर चालवत जाण्यापेक्षा बस किंवा रिक्षा बरी.

झोपेने भरून न येणारं एक दुखणं वेगळं असतं. वॉर्डात अंथरुणाला खिळलेले सहा रुग्ण आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, प्रत्येकाला पाच मिनिटं, बारा तासांत सहा फेऱ्या: १८० मिनिटं, तीही दोघींची. त्यात सलाईन, औषधं, नातेवाईक, एखादा मृत्यू. चौथी फेरी हुकते, आठवड्याने रुग्णाच्या कंबरेवर जखम दिसते, आणि काय करायला हवं होतं हे सिस्टरला पुरतं ठाऊक असतं. अशा वेळी वॉर्डमधल्या मावशींना कूस बदलायला शिकवून रात्रीच्या कामात बांधून घेणं, आणि हुकलेली फेरी लपवण्याऐवजी ‘माणूस नव्हतं’ असं चार्टवर लिहायची मुभा देणं, यानेच तिचा भार हलका होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, आजार म्हणून केली नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन दिवस नीट झोपून माणूस ताजं होत असेल तर तो थकवा. ड्युटी संपत आली तरी रुग्णाचं नाव माहीत नसणं, नातेवाइकाच्या साध्या प्रश्नाने चिडणं, ‘आपण केलं काय, न केलं काय’ असं रोज वाटणं हे सुट्टीनंतरही टिकलं, तर बर्नआउट. आणि घरी, सणासुदीलाही काहीच नकोसं झालं, जगण्याचाच कंटाळा आला, तर ड्युटी लिस्टची वाट न बघता डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

कंत्राटी मुलींचं काय करायचं, हे मात्र लिस्टमध्ये सुटत नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्यामागे हेही होतं. जिची नेमणूकच काही महिन्यांची आहे ती जादा ड्युटीला नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे उघड्या ३४ मधल्या जास्तीत जास्त तिच्याच नावावर चढतात. निदान जादा ड्युट्यांचा वेगळा रकाना करून तो सगळ्यांना दिसेल असा लावता येतो.

लिस्ट महिना सुरू व्हायच्या सात दिवस आधी लागायला हवी. सुट्टीच्या विनंतीची वही २० तारखेला बंद. वहीत ज्या मागतात त्यांना काहीतरी मिळतंच. आता वही मागे चाळायची, गेल्या तीन महिन्यांत जिचं नाव एकदाही आलेलं नाही ती शोधायची, आणि तिच्या ओळीत सगळ्यात आधी दोन सुट्ट्या सलग लिहायच्या.