आमची वाटचाल : मोडेमपासून गेटवेपर्यंत

१९९४ साली मी आणि माझ्या मेहुण्याने पुण्यात नारायण पेठेत, एका वाड्याच्या तळमजल्यावर मोडेम (फोनच्या तारेवरून संगणकाचा डेटा नेणारं यंत्र) दुरुस्तीचं दुकान काढलं. दोघंही कारखान्याच्या मेन्टेनन्समधून बाहेर पडलेलो. त्या काळी मोडेम ही महागडी वस्तू होती. बिघडला तर कोणी फेकून देत नसे. त्यामुळे सुरुवात बरी झाली. पण दुरुस्त केलेला मोडेम गिऱ्हाइकाकडे नेऊन लावला तरी काम सुरू होत नाही, असं वारंवार व्हायला लागलं. दिवे हिरवे, एक्स्चेंजमधून लूप टाकून घेतला (पाठवलेलं तसंच परत फिरवून बघितलं) तर भाड्याने घेतलेली लीज लाइन स्वच्छ, आणि तरी पडद्यावर अक्षर उमटत नाही. दोष मोडेमच्या वरच्या थरात, प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या नियमांत) असायचा, आणि तो बघणारा आसपास कोणी नव्हता. आम्ही बघायला लागलो.

तेव्हा देशात धंद्याचा डेटा पाठवायचा म्हणजे मुख्यतः एक्स.२५. १९७६ साली ठरलेलं, डेटा पॅकेटांत तोडून पाठवण्याचं हे आंतरराष्ट्रीय मानक. दूरसंचार खात्याचं आय-नेट त्यावरच चालायचं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने ३ नोव्हेंबर १९९४ला शेअर्सचे व्यवहार सुरू केले, तेव्हा दलालांच्या गच्चीवरच्या व्हीसॅट (उपग्रहाशी बोलणाऱ्या) छत्र्यांमधून जाणाऱ्या ऑर्डरीही एक्स.२५ वरूनच जात. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही डायल-अप. त्यावर बँकेचे व्यवहार पाठवण्याचा विचारही कोणी करत नव्हतं.

एक्स.२५ चा स्वभाव संशयी. आधी समोरच्या नंबरावर कॉल लावायचा (भारताचे नंबर ४०४ ने सुरू होतात), त्याने तो स्वीकारला की आभासी सर्किट तयार होतं, मग डेटा. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक फ्रेम (डेटाचा तुकडा) तपासली जाते, चुकली तर तिथूनच पुन्हा मागवली जाते. सत्तरच्या दशकातल्या तांब्याच्या तारांचा भरवसा नव्हता, म्हणून ही सगळी व्यवस्था. आमच्याकडे पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलेल्या केबलवर ती फार उपयोगी पडायची. शेजारच्या फोनवर नुसती खरखर, आणि आमचा डेटा मात्र रडतखडत का होईना, बिनचूक पोचतोय, हे खूपदा पाहिलंय.

पण तोच संशयीपणा उपग्रहावर महाग पडायचा. एका गिऱ्हाइकाने ६४ केबीपीएसची उपग्रहावरची लाइन घेतली आणि 'ही तर जुन्या ९.६ पेक्षा हळू चालते' अशी तक्रार घेऊन आला. लाइन पुरवणाऱ्याने तपासून 'ओके' असं लिहून दिलं होतं, आणि ते खरंही होतं. एक्स.२५ मध्ये पॅकेटचा ठरलेला आकार १२८ बाइट आणि विंडो दोनची. म्हणजे दोन पॅकेटं पाठवायची आणि पोचपावती येईपर्यंत हात बांधून बसायचं. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. जाऊन-येऊन अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात २५६ बाइट म्हणजे सेकंदाला जेमतेम चार हजार बिट. लाइन ६४ ची घ्या नाहीतर दोन एमबीची, आकडा तोच. आम्ही दोन्ही टोकांना विंडो सातची आणि पॅकेट ५१२चं केलं. केबल हलवली नाही, सुटा भाग बदलला नाही. 'नुसते आकडे बदलले, त्याचे पैसे कसले?' असं त्यांच्या हिशेबनिसांनी विचारलं. या प्रश्नाला पटणारं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. बिल मात्र तेव्हापासून 'पॅरामीटर जुळणी' या नावाने लावतो.

२००० नंतर चित्र पालटलं. मुंबईतली मोठी होस्ट यंत्रं (मध्यवर्ती संगणक) एकेक करून टीसीपी-आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर, जाऊ लागली, आणि तालुक्याच्या गावातली यंत्रं मात्र एक्स.२५ च बोलत राहिली. सांगलीकडच्या एका सहकारी बँकेला तिच्या स्विचच्या (एटीएमचे व्यवहार पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेच्या) पुरवठादाराने कळवलं, अमुक तारखेपासून आम्ही फक्त आयपी. तुम्ही एटीएम बदला. बँकेचे ईडीपीप्रमुख (संगणक विभागाचे प्रमुख) आमच्याकडे आले. म्हणाले, "अहो, यंत्र ठणठणीत चालतंय. चालतं यंत्र काढून टाका असं संचालक मंडळाला मी कोणत्या तोंडानं सांगू?" गेटवेचं, म्हणजे दोन प्रोटोकॉलांच्या मध्ये बसणाऱ्या दुभाष्याचं, आमचं पहिलं मोठं काम ते. पुढची बरीच वर्षं आम्ही त्यावरच जगलो.

यात दोन जातीची कामं असतात आणि निविदा काढणारे ती नेहमी एकत्र करतात. दोन्ही टोकांना एक्स.२५ च आहे, फक्त मधलं जाळं आयपी झालंय, असं असेल तर काम सोपं. राउटर (जाळी एकमेकांना जोडणारं यंत्र) एक्स.२५ चं पॅकेट उचलतो, त्याला चार बाइटांचं शीर्षक लावतो आणि टीसीपीच्या १९९८ क्रमांकाच्या पोर्टवरून पलीकडच्या राउटरला देतो. याला एक्सओटी म्हणतात. १९९४ च्या आरएफसी १६१३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सगळं लिहिलेलं आहे. अडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. राउटर आपणहून स्वतःला डीटीई (नेटवर्कला जोडलेलं टोकाचं यंत्र) समजतो आणि होस्टही स्वतःला डीटीईच समजतो; मग दोघंही समोर नेटवर्क असल्याच्या भ्रमात हाका मारत बसतात आणि लिंक काही उठत नाही. राउटरला डीसीई, म्हणजे नेटवर्कची बाजू, करावं लागतं. शिवाय क्लॉक (बिटांचा ताल) कोण देणार हा प्रश्न केबलचा, तो वेगळाच. प्रोटोकॉलचं डीसीई आणि केबलचं डीसीई यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला फळ्यावर काढून दाखवावं लागतं.

दुसरी जात अवघड. एका बाजूला एक्स.२५ बोलणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला सरळ टीसीपीवर बसलेला प्रोग्राम. एक्स.२५ मध्ये निरोपाला सुरुवात आणि शेवट असतो. मोठा निरोप तुकड्यांत गेला तरी 'अजून आहे' असं सांगणारा एक बिट शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्यावर असतो. टीसीपीत नुसता बाइटांचा प्रवाह. एक निरोप कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे तो सांगत नाही. म्हणून प्रत्येक निरोपाच्या आधी दोन बाइटांत त्याची लांबी लिहायची पद्धत पडली. आता ती लांबी स्वतःचे दोन बाइट धरून की सोडून? त्या स्विचवाल्यांच्या कागदावर एवढंच होतं : निरोपाची लांबी. ते दोन धरून पाठवत होते, गेटवे सोडून मोजत होता. परिणाम असा की पहिलं उत्तर आलं तरी गेटवे आणखी दोन बाइटांची वाट बघत थांबला. दुसरं उत्तर आल्यावर त्याचे पहिले दोन बाइट पहिल्याच्या शेपटाला चिकटले, आणि तिथून पुढे सगळाच कचरा. हे आकृत्या बघून कळत नाही. लाइनवरचा डेटा टिपणारा अ‍ॅनलायझर लावून हेक्स, म्हणजे सोळा-आधारी अंकांत लिहिलेले बाइट, वाचावे लागतात.

हेक्स वाचण्याबद्दल थोडं सांगतोच, कारण आमची अर्धी पत त्यावर उभी आहे. एक्स.२५ च्या पॅकेटचा तिसरा बाइट बघायचा. शून्य-बी म्हणजे कॉल आला, शून्य-एफ म्हणजे स्वीकारला, एक-तीन म्हणजे तोडला. तोडला असेल तर त्यापुढचा बाइट कारण सांगतो. शून्य-नऊ असेल तर समोरचं यंत्र किंवा त्याची लाइन बंद. शून्य-डी असेल तर तो नंबरच मिळत नाही, बहुधा पत्ता चुकलाय. आणि नुसतं शून्य-शून्य असेल तर नेटवर्क निर्दोष; पलीकडच्या यंत्राने स्वतःहून फोन ठेवलाय. लाइनवाले म्हणतात होस्ट खराब, होस्टवाले म्हणतात लाइन खराब, अशा बैठकीत हा एक बाइट कागदावर छापून नेला की आवाज खाली येतात. आयपीत आल्यावर मला सर्वांत जास्त चुकचुकल्यासारखं याच गोष्टीचं वाटलं. तिथे कनेक्शन गेलं तर बहुतेक वेळा नुसतं गेलेलं असतं.

त्याच बँकेत पुढे रोज सकाळी पहिल्या ग्राहकाचा व्यवहार फसायला लागला. दुसऱ्यापासून सगळं सुरळीत. रात्रभर एटीएमवर कोणी फिरकत नसे, त्यामुळे मधली फायरवॉल (जाळ्याची राखणदार) ते रिकामं कनेक्शन गुपचूप विसरून जायची. टीसीपीच्या दोन्ही टोकांना त्याचा पत्ताच नसे. लिनक्स मुळात दोन तास शांतता झाल्यावर पहिल्यांदा 'आहेस का?' असं विचारतो, आणि फायरवॉलचा धीर त्याच्या आधीच सुटलेला. आम्ही ते विचारणं मिनिटावर आणलं. त्याबरोबर गेटवेत एक नियम कायमचा घातला, जो आजही प्रत्येक कामात घालतो : टीसीपीची बाजू जोडली गेल्याशिवाय एक्स.२५ चा कॉल स्वीकारायचा नाही, आणि एक बाजू पडली तर दुसरी त्या क्षणी तोडायची. कॉल आधी स्वीकारून मग होस्ट शोधत बसणारे गेटवे बाजारात आहेत. ते प्रात्यक्षिकात झकास दिसतात, कारण एटीएमवर 'ऑनलाइन' लगेच येतं. पण होस्ट नसला तर ग्राहकाचा निरोप त्यांच्या पोटात अडकतो, आणि यंत्र मात्र पोचपावती मिळाली म्हणून निर्धास्त. पैशाच्या व्यवहारात अशी खोटी पोचपावती चालत नाही.

या अनुभवावर आम्ही स्वतःचा डबा बनवला. साधा औद्योगिक पीसी, सिंक्रोनस कार्ड, व्ही.३५ ची केबल, आणि लिनक्समध्ये असलेल्या एक्स.२५ वर आमचा प्रोग्राम. दिसायला ओबडधोबड, पण त्यात काय चाललंय ते बाहेरून वाचता यायचं. विक्री कधी डोळे दिपवणारी झाली नाही. बँका पतपुरवठा करतात, पण आम्हा लहान पुरवठादारांची बिलं मात्र मार्चनंतर. एएमसीने (वार्षिक देखभालीच्या करारांनी) तारलं.

धंद्याचा शेवट दिसत होताच. फ्रान्सचं ट्रान्सपॅक ३० जून २०१२ला बंद झालं, ती बातमी मेहुण्याने छापून भिंतीला लावली. त्याआधीच आमच्याकडची कामं ओसरली होती. बँका कोअर बँकिंगसोबत आयपीवर गेल्या, आणि आम्ही लावलेले डबे आम्हीच जाऊन काढून आणले. तीन पोरं नोकरी सोडून गेली, त्यांना थांबा म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नवं काम विजेच्या उपकेंद्रांतून आलं. तिथली जुनी आरटीयू यंत्रं (उपकेंद्राची माहिती दूरच्या नियंत्रण केंद्राला कळवणारी) सिरियल लाइनवर १०१ नावाचा प्रोटोकॉल बोलतात, आणि नियंत्रण केंद्राला हवा असतो १०४, म्हणजे तोच मजकूर टीसीपीवर, पोर्ट २४०४. मानकाचं पुस्तक उघडलं आणि हसू आलं. पोचपावती न आलेल्या निरोपांची मर्यादा बारा, आठ आले की पोचपावती, टी-एक (पोचपावतीची वाट बघायची मुदत) पंधरा सेकंद, टी-तीन (एवढी शांतता झाली की चाचणी फ्रेम) वीस सेकंद. टीसीपी स्वतः पोचपावत्या देतच असतो, तरी त्याच्या वर पुन्हा एकदा विंडो आणि मोजणी. विजेच्या माणसांनाही टीसीपीच्या एकट्याच्या शब्दावर ब्रेकर उघडायचा नव्हता. आमच्या ऑफिसातली सगळ्यात तरुण इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, हे तर तुम्ही फळ्यावर काढता तेच आहे."

सध्या घाटमाथ्यावरच्या काही उपकेंद्रांत हे गेटवे फोर-जीवर चालतात. टॉवर डुगडुगला की पंधरा सेकंदांचा टी-एक पुरत नाही, तो दोन्ही टोकांना ठरवून वाढवावा लागतो. एकाच टोकाला वाढवला तर दुसरं टोक आधीच कनेक्शन तोडून मोकळं. परवा एका कंत्राटदाराने कोटेशन वाचून विचारलं, दर वीस सेकंदांनी चाचणी फ्रेम जाणार तर सिमचं बिल केवढं येईल? फ्रेम सहा बाइटांची, टीसीपी-आयपीची शीर्षकं चाळीस, उत्तर आणि पोचपावत्या धरून दिवसाला एक एमबीसुद्धा होत नाही, हे त्याला कागदावर मांडून दिलं. कोटेशन मंजूर झालं. 'पॅरामीटर जुळणी'ची ओळ त्याने तेवढी खोडली होती, ती मी परत लिहून पाठवली आहे.