तुम्ही विचारलंत म्हणून : उशिरा पोचणारा शेरीफ

'काका, तुमची उभी नोकरी पोलिसात गेली आणि आवडता सिनेमा कुठला, तर ज्यात पोलीस काहीच करत नाही?' हे मला पुतण्यानं विचारलं, त्याच्या मित्रांनी विचारलं, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्यांनी तर जरा चिडूनच विचारलं. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' मी ज्याला ज्याला दाखवला, त्याचा शेवटी एकच सूर: दोन तास जीव मुठीत धरायला लावला आणि मग फसवलं. इतकी वर्षं मी 'पुन्हा एकदा बघा' म्हणून विषय बदलत आलो. आता एकदाच सविस्तर सांगतो.

सिनेमा तुम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. कॉर्मॅक मॅकार्थी यांची कादंबरी २००५ची, जोएल आणि ईथन कोएन यांचा सिनेमा २००७चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले, तेव्हा तुमची तक्रार जाणकारांना मान्य नव्हती असं दिसतं. पण जाणकारांच्या आड मला लपायचं नाही. तक्रार खरी आहे. १९८०चा पश्चिम टेक्सास, वीस लाख डॉलरची बॅग घेऊन पळणारा लुएलिन मॉस, त्याच्या मागावर भाडोत्री मारेकरी शिगर, आणि त्या दोघांच्या मागे कायम एक पाऊल राहिलेला म्हातारा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, बेल. ज्याच्यासाठी आपण श्वास रोखून बसलो तो मॉस मरतो, आणि ते मरण आपल्याला दाखवतच नाहीत. शिगर चालत निघून जातो. बेल निवृत्त होऊन बायकोला दोन स्वप्नं सांगतो आणि पडदा काळा होतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही असाच भडकलो होतो. माझा तेव्हाचा मुद्दा असा होता: सुरुवातीला शिगरनं त्या तरुण डेप्युटीचा, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाचा, बेडीनं गळा आवळलेला दाखवताना तुम्हाला संकोच वाटला नाही. फरशीवर त्याच्या बुटांच्या टाचा घासून उठलेले काळे ओरखडेसुद्धा कॅमेरा निवांत दाखवतो. मग मॉसच्या वेळीच डोळे का मिटले? तो मुद्दा मूर्खपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. पण त्या प्रसंगाकडे मी आता वेगळ्या जागेवरून बघतो. बेल मोटेलजवळ येतो, गोळ्यांचे आवाज येतात, एक पिकअप सुसाट निघून जाते, आणि उघड्या दारात मॉस पडलेला असतो. ही जागा माझ्या ओळखीची आहे. नोकरीत मी बहुतेक वेळा तिथेच उभा होतो.

मी फौजदार असतानाची गोष्ट. महामार्गालगतच्या एका तालुक्याचं ठाणं. रात्री लॉजवाल्याचा फोन आला की वरच्या मजल्यावर भांडण जुंपलंय. हवालदार आणि ड्रायव्हरला घेऊन निघालो. उशीर केला असं कुणी म्हणू नये. स्टेशन डायरीतली नोंद आणि पोचल्याची वेळ वरिष्ठांनी नंतर ताडून पाहिली, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर एक चप्पल पडली होती. खोलीचं दार सताड उघडं, पंखा चालू, टीव्ही चालू, मोरीतला नळ तसाच वाहत होता. कॉट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत तो मुलगा पडला होता. विशीतला. अंगात नवा शर्ट, कॉलरला अजून दुकानाची टाचणी राहिलेली.

पंच म्हणून लॉजचा वेटर आणि खालचा पानवाला. पानवाल्यानं शेवटपर्यंत खोलीकडे पाहिलं नाही, सही मात्र केली. पंचनामा मी स्वतः लिहीत होतो. खोलीचं दार पूर्वाभिमुख, उत्तरेकडील भिंतीलगत लोखंडी कॉट, कॉटखाली स्टीलचा पेला आडवा पडलेला, पेल्यालगत फरशी ओली. जे दिसतं ते लिहायचं, जे वाटतं ते लिहायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि मी ते आयुष्यभर पाळलं.

सकाळी त्याची आई पहिल्या एसटीनं आली. गावातला एक माणूस बरोबर होता, तो बोलायचा, ती गप्प. पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर ती बसली होती. मी जवळ गेलो तर कोणी मारलं, का मारलं, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, 'पाणी तरी मागितलं का वो त्यानं, सायेब?'

हवालदार माझ्यापेक्षा वयानं मोठा, मनानंही मोठा. तो चटकन म्हणाला, 'मावशी, जागच्या जागी गेला. काय कळलंसुदिक नसंल त्याला.' तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, 'आम्ही आलो तेव्हा सगळं झालेलं होतं.' वाक्य खरं होतं. तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. रात्रभर मी ती खोली इंचाइंचानं लिहून काढली होती, पेल्यालगतच्या ओल्या फरशीसकट, आणि तिला हवी असलेली एकच ओळ माझ्याकडे नव्हती. पेला पाण्यानं भरून त्याला कुणी दिला होता, की झटापटीत कॉटखाली लवंडला, की आधीच तिथे होता? मला माहीत नव्हतं.

आरोपी सापडले. एक म्हणाला, त्यानं पाणी मागितलं होतं. दुसरा म्हणाला, तोंडातून शब्दच फुटला नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, आणि हा मुद्दा तर खटल्याच्या कामाचाही नव्हता, त्यामुळे तो कुठेच नोंदला गेला नाही. शिक्षा झाली. फाइल बंद झाली. लोक म्हणतात, आरोपीला शिक्षा झाली, तुम्ही तुमचं काम चोख केलंत. केलं. पण त्या बाईनं विचारलेलं काम ते नव्हतं.

आता सांगा, मॉसला न दाखवता मारलं म्हणून तुम्हाला राग येतो तो कसला? तो मला तिच्या प्रश्नाच्या जातीचा वाटतो. आपल्या माणसाचा शेवट आपल्याला कळायला हवा होता आणि कुणीतरी तो आपल्यापासून काढून घेतला. म्हणून 'तुम्हाला सिनेमा कळला नाही' असं मी तुम्हाला कधी म्हणणार नाही. जे असं म्हणतात त्यांचा मला राग येतो. ज्यानं चडफडत टीव्ही बंद केला, त्याच्यापर्यंत हा सिनेमा पुरता पोचला.

उलट, ज्यांना शिगर फार आवडतो त्यांच्याशी माझं पटत नाही. पंपवाल्याला मारायचं की सोडायचं हे शिगर नाणं फेकून ठरवतो, तो पेट्रोलपंपावरचा प्रसंग पुतण्याच्या मित्रांना तोंडपाठ आहे. प्रसंग जबरदस्त आहेच. काउंटरवर टाकलेला तो चुरगळलेला कागद आपोआप उलगडत जातो तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो. बेल्जियमच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ४०० चित्रपट अभ्यासून शिगरला अगदी वास्तवाला धरून उभा केलेल्या मनोविकृतांत गणलं, हेही मला ऐकवून झालंय. असेल. मला मात्र असा माणूस उभ्या नोकरीत भेटला नाही. मला भेटले ते बांधावरून भाऊबंदाच्या डोक्यात फावडं घालणारे, दारूच्या उधारीवरून भोसकणारे, आणि सकाळी लॉकअपमध्ये ढसाढसा रडणारे. नाणं फेकून निवाडा करणारा कुणी नाही. माझ्या लेखी त्या सिनेमातला अस्सल माणूस बेल आहे: टॉमी ली जोन्सचा तो थकलेला चेहरा, कॉफीचा कप, आणि बोलता बोलता मध्येच थांबणं.

माझ्या निवृत्त मित्रांना बेल आवडतो, पण चुकीच्या कारणासाठी. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे त्यांचं पालुपद बेलच्या तोंडी आहे म्हणून. जरा पुढचं बघा. व्हीलचेअरवरच्या, नात्यातल्या एलिसकडे बेल जातो तेव्हा तो म्हातारा त्याला १९०९ सालची हकिकत सांगतो: त्यांच्याच घराण्यातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या ओसरीवर गोळी घातली होती. तुला जे दिसतंय त्यात नवीन काही नाही, हा मुलूख पहिल्यापासून माणसांवर कठोरच आहे. बेलचं रडगाणं सिनेमानंच खोडून काढलंय. वाईट काळ आला म्हणून तो हरत नाही. पोचायला उशीर होतो, आणि तो पूर्वीच्या शेरीफांनाही होतच असणार.

कार्ला जीनचं विचाराल तर मी कोएन बंधूंच्या बाजूनं आहे. कादंबरीत मॉसची ही बायको शिगरच्या आग्रहाला बळी पडते, छापा की काटा ते सांगते आणि हरते. सिनेमात ती नकार देते: हे नाणं ठरवत नाही, तू ठरवतोस. पुढचं दिसत नाही, फक्त तो बाहेर ओसरीवर येऊन बुटांचे तळवे बघतो. तळवे बघणारा माणूस काय करून आला ते मला कुणी सांगायला नको. इथे न दाखवणं मला पूर्ण पटतं.

मॉसच्या बाबतीत मात्र, इतकी बाजू मांडूनही, एक गोष्ट पटलेली नाही. कादंबरीतही त्याचं मरण आपल्यासमोर घडत नाही. साक्षीदारानं जे पाहिलं ते तिथल्या पोलिसाकडून बेलला कळतं, म्हणजे ऐकीवच. पण त्या ऐकीव जबाबात एक ओळ आहे: मॉसबरोबर एक पोरगी होती, मारेकऱ्यानं (तो शिगर नव्हे) तिच्या डोक्याला बंदूक लावली, आणि तिच्यासाठी मॉसनं हातातली बंदूक खाली ठेवली. त्यानं ती वाचली नाही, तोही नाही. तरी त्याच्या माणसांना सांगण्यासारखं काहीतरी बेलच्या हाती लागलं. सिनेमानं ती ओळ गाळली. वेळ नव्हता म्हणावं, तर त्यानंतर लगेच बेल एल पासोच्या शेरीफबरोबर कॉफी प्यायला बसतो, आणि तिथे हिरव्या केसांच्या पोरांवर बोलायला दोघांना भरपूर वेळ आहे. त्याच टेबलावर त्या शेरीफनं एवढं एक सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.