अनल, अनिल आणि आईची पेन्सिल

दिवाळीच्या साफसफाईत फडताळाच्या वरच्या कप्प्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. किल्ल्या असतील म्हणून उघडला, तर निघाली शब्दकोडी. पेपरातून कापलेली, पिवळी पडलेली, आईने पेन्सिलीने सोडवलेली. त्यातली निम्मी मी रचलेली.

हो, मी कोडी रचायचे. १९८८ च्या सुमाराला, जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी. कोड्यामागे १० रुपये. आलेखाच्या वहीत नऊ बाय नऊची चौकट आखायची आणि रात्री जेवणं झाली की खोडरबर घेऊन बसायचं.

लोकांना वाटतं, कोडं रचणारा विद्वत्ता मिरवायला अवघड शब्द घुसडतो. अहो, कसली विद्वत्ता! ते शब्द येतात ते अडचणीपोटी. चांगले चार शब्द बसवून झाले की कोपऱ्यात दोन-तीन घरं अशी उरतात की तिथे माणसांच्या बोलण्यातलं काही मावतच नाही. मग निघतात हय, खग, उरग, विपिन. घोडा, पक्षी, साप, रान. सगळं जंगल कोपऱ्यात गोळा.

हे पहिल्यापासूनच असावं. आर्थर विन याचं, जगातलं पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं, चौकटीऐवजी हिऱ्याच्या आकाराचं. त्यात एका पामच्या झाडाच्या तंतूंचं नाव विचारलं होतं, उत्तर इंग्रजी 'डोह' (doh). कुणाला माहीत असणार? आणि 'डव्ह' हा शब्द त्या एकाच कोड्यात दोनदा. वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण इंग्रजीवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना स्वर भरपूर असलेले आखूड शब्द लागतात. आपल्याकडे घरात एकटं अक्षर बसत नाही, काना-मात्रेसकट बसतं. आडव्या शब्दाला 'का' हवा आणि उभ्याला 'कि', की झालं, पुसा. म्हणून मराठी कोड्यात खरी चलती बिनकाना-मात्रेच्या शब्दांची. नमन, गगन, जनक, वतन, करवत, अडसर. पहिलीचं पुस्तकच जणू. जोडाक्षराचं तर विचारू नका. 'नक्र' घेतला की त्या 'क्र'वरून उभा जाणार चक्र, वक्र नाहीतर शक्र. चौथा आठवेपर्यंत बारा वाजायचे.

'वळचण' हा माझा लाडका. चार घरं, चारही मोकळी अक्षरं, कुठेही वळवा. छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग, जिथून पावसाचं पाणी ठिबकतं तो. 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण माझ्या लेकीलाही येते, पण स्लॅबच्या घरात जन्मलेल्या मुलीला वळचण दाखवायची कुठे?

आई चौथी शिकलेली. तरी हे शब्द तिला अडत नसत. मी मोल्सवर्थचा जाडजूड कोश (१८५७ ची आवृत्ती, तीच अजून छापतात) वाचनालयात बसून चाळायचे, आणि ती भाजी निवडता निवडता सांगायची. 'मगर, दोन अक्षरी' असं विचारलं, तर म्हणाली, "अगं, गजेंद्राचा पाय कुणी धरला? नक्रानं." सगळी शब्दसंपत्ती कीर्तनातली आणि पोथ्यांमधली. 'खर' म्हणजे गाढव हे मला सांगावं लागलं, तिच्या लेखी खर म्हणजे दूषणाचा भाऊ.

डब्यात तळाशी माझ्या आजोबांच्या वेळचंही एक कात्रण आहे, कुपन आणि प्रवेश फी असलेलं. ती बक्षिसांची कोडी. त्यांत अवघड शब्द नसतच, कारण गंमत वेगळीच होती. 'हे मिळालं की माणूस खुलतो', आणि घरात '_न'. धन, मान की दान? तिन्ही बरोबर, पण बक्षीस आयोजकाच्या बंद पाकिटातल्या उत्तराला. लोक एकेका कोड्याची पाच-पाच कुपनं भरत. शेवटी १९५५ मध्ये कायदा आला. महिन्याची बक्षिसं १,००० रुपयांच्या वर नाहीत आणि एका स्पर्धेला २,००० च्या वर प्रवेशिका नाहीत. बंगळूरची 'आर. एम. डी. सी.' नावाची कोडी चालवणारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९५७ मध्ये निकाल लागला, कायदा टिकला. आजोबांचे पैसे वाचले, असं आजी म्हणायची.

आता माझी चूक. एका रविवारी उभा शब्द होता 'वतन', आणि त्याच्या 'न'वरून तीन अक्षरी आडवा हवा होता. मी 'अनल' बसवला आणि खूण दिली 'वारा'. मंगळवारी संपादकांच्या टेबलावर १५ पैशांचं कार्ड. कुणी निवृत्त संस्कृत शिक्षक. 'अनल म्हणजे अग्नी. वारा तो अनिल. आपण वाऱ्यास आग लावलीत.' आमच्या संपादकांचा नियम होता, ऱ्हस्वदीर्घ माफ, काना-मात्रा माफ नाही. त्या आठवड्याचे १० रुपये गेले.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "मला वाटलंच होतं. अनल म्हणजे विस्तव."

"मग बोलली का नाहीस?"

"छापून आलेलं. आणि तू लिहिलेलं."

ते कात्रणही डब्यात आहे. आई पेन्सिल दाबून लिहायची, मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी अक्षर लागतं. 'वतन'मधले व आणि त तसेच लागतात. 'अनल'ची तिन्ही घरं मात्र इतकी पुसट भरलीत की चष्मा लावून, खिडकीशी धरून वाचावी लागली.