परदेशी निघण्याआधीची तुळशीबाग-मंडई फेरी

परदेशी निघालेल्यांच्या बॅगेत चकल्या, लाडू आणि तयार पोह्या-उपम्याची पाकिटं कोंबलेली असतात. महिनाभरात ती संपतात. मग संध्याकाळी घरी आल्यावर आठवतो तो साधा वरणभात, आणि त्याला लागणाऱ्या वस्तू मात्र पुण्यातच राहिलेल्या असतात. ही फेरी त्याच वस्तूंसाठी होती.

मंडई मेट्रो स्थानकातून सकाळी अकराच्या सुमारास बाहेर पडलो. मधला वार निवडला होता. शनिवार-रविवारी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते आणि भांडी निवांत पारखता येत नाहीत.

भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवा. तिकडे काचेची शेगडी असण्याची शक्यता मोठी. ती इंडक्शन निघाली तर बुडाला चुंबक न चिकटणारं भांडं तापतच नाही, त्यामुळे साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे बाद. एकादोघांना स्टीलचा, सपाट बुडाचा तीन लिटरचा कुकर पुरतो. आत दोन डबे ठेवून झाकण लागतं का, हे दुकानातच बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. त्याच मॉडेलच्या दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह लगेच घ्या. रिंग कंपनीनुसार आणि लिटरनुसार बदलते, आणि तिकडे नेमकी तीच मिळत नाही.

तव्यात बहुतेक जण फसतात. आपला नेहमीचा खोलगट तवा काचेच्या शेगडीवर मधोमधच टेकतो, त्यामुळे पोळी मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. सपाट तवा घ्या, आणि तो पालथा घालून बुडावर पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर दुसरा मागा. फोडणीची गोल पळी तिथे उभीच राहत नाही, गरम तेलासकट कलंडते. त्याऐवजी सपाट बुडाचं लहान कढलं घ्या.

मिक्सर अमेरिकेला नेऊ नका. तिथे वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर 230चा. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये प्लगचा अडॅप्टर लावला की तो चालतो.

मसाल्यासाठी मंडईकडे वळलो. मिरची-हळद परदेशात सगळीकडे मिळते, त्यावर वजन घालवू नका. न्यायचं ते गोडा मसाला, मेतकूट आणि आमसूल. आमटीला एक चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम गोडा मसाला धरला आणि आठवड्यातून चारदा आमटी केली, तर पाव किलो पाच महिने जातो. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर त्यातलं खोबरं खवट होतं. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घाला, नाहीतर सगळे कपडे हिंगाळतात. हे सगळं कुकरच्या पोटात बसतं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊ नका. तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात आणि विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात. अमेरिकेत प्रवाशाला तांदूळ, हरभरे आणि ताजा कढीपत्ता नेता येत नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात दुधाचे पदार्थ बंद, म्हणजे घरचं तूपही गेलं. ते तिथेच कढवा: अर्धा किलो बिनमिठाचं लोणी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, बेरी बदामी झाली की उतरवा. साधारण चारशे ग्रॅम तूप निघतं.

तूरडाळ तिकडच्या भारतीय दुकानात मिळते, पण पुष्कळदा ती शिजत नाही. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ टणक राहते. लंडनचं पाणी असंच आहे. तासभर गरम पाण्यात भिजवा. मग एक वाटी डाळीला अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो आणि शिटीची वाट तुंबत नाही. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून दहा-बारा मिनिटं. साध्या विजेच्या शेगडीची चकती बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून दोन मिनिटं आधीच बंद करा किंवा कुकर बाजूला सरकवा. मीठ, गूळ आणि आमसूल डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर डाळ दाठरच राहते.

फोडणीआधी धुराचा पंखा सुरू करा, मग तेल तापवा. मोहरी तडतडू लागली की लगेच झाकण ठेवा. तेलातून धूर निघेपर्यंत थांबलात तर छताला लावलेला धुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो आणि काही इमारतींत सगळेच खाली उतरतात.