पाय ३ बेअर-मेटल: डीएमए चालला, आता पत्ते डिव्हाइस ट्रीतून

रास्पबेरी पाय ३ वर ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट हार्डवेअरवर (बेअर-मेटल) चालणाऱ्या माझ्या छोट्या कर्नलमध्ये डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा हार्डवेअरचा भाग) चालू झाला. अख्खी ओळ यूएआरटीवरून (सिरियल पोर्टवरून) बाहेर पडते आणि तेवढा वेळ प्रोसेसरचा कोअर मोकळा असतो. टर्मिनलवर ती अक्षरं उमटताना पाहून फार आनंद झाला. या टप्प्यात सगळ्यात जास्त डोकं लागलं ते पत्त्यांना, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो. खालचे सगळे पत्ते हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) आहेत, म्हणून ए ते एफ ही अक्षरंही त्यात अंकच.

आपण सगळे ब्रॉडकॉमच्या बीसीएम२८३५ (पाय १ ची चिप) चं पेरिफेरल मॅन्युअल वापरतो. त्यात रजिस्टरांचे (ज्यांत लिहून-वाचून हार्डवेअर चालवतात त्या कप्प्यांचे) पत्ते ७ई०००००० पासून सुरू होतात. हे बसवरचे, म्हणजे चिपमधले भाग जोडणाऱ्या अंतर्गत मार्गावरचे पत्ते. पाय ३ मधल्या आर्म कोअरला तीच रजिस्टरं ३एफ०००००० पासून दिसतात. म्हणजे यूएआरटीचं डेटा रजिस्टर मॅन्युअलात ७ई२०१०००, आणि कोडमध्ये आपण लिहितो ३एफ२०१०००. इथपर्यंत साधी वजाबाकी-बेरीज आहे.

डीएमए आला की दिशा उलटते. कंट्रोल ब्लॉक (कुठून कुठे किती डेटा न्यायचा याची नोंद) कोअर लिहितो, पण वाचतो डीएमए, आणि त्याला फक्त बसचे पत्ते कळतात. त्यामुळे डेस्टिनेशनमध्ये मॅन्युअलातला ७ई२०१००० जसाच्या तसा जातो. तिथे ३एफ२०१००० दिला, तर बसच्या हिशोबाने तो रॅमचा पत्ता ठरतो; डीएमए बिनतक्रार रॅममध्ये लिहितो आणि यूएआरटी गप्प राहते. एररचा एक बिटही लागत नाही.

सोर्स रॅममध्ये असतो, तिथे वरचे दोन बिट महत्त्वाचे. एकच रॅम बसवर चार ठिकाणी दिसते: ०, ४, ८ आणि सी या अंकांनी सुरू होणारे चार पट्टे, प्रत्येकाचं कॅशशी वागणं वेगळं. पाय १ वर ४ चा पट्टा वापरतात, पाय २ आणि ३ वर सी चा, कारण तो थेट रॅमला भिडतो. कोअरच्या दृष्टीने बफर ०००९०००० ला असेल, तर डीएमएला सांगायचं सी००९००००. कंट्रोल ब्लॉकचा स्वतःचा पत्ताही याच रूपात द्यायचा, आणि तो ३२ बाइटच्या सीमेवर हवा. डीएमए यूएआरटीला ३२ बिटांचा शब्द लिहितो, म्हणून बफरमध्ये प्रत्येक अक्षराला अख्खा शब्द दिला आहे. ट्रान्समिटचा डीरेक (यूएआरटी पुढचं अक्षर घ्यायला तयार असल्याची डीएमएला मिळणारी खूण) क्रमांक १२.

आर्मची डेटा कॅश चालू असेल तर सी पट्टा एकट्याने पुरत नाही. बफर आणि कंट्रोल ब्लॉक दोन्ही कॅशमधून रॅमपर्यंत ढकलावे लागतात (पाय ३ च्या ए५३ कोअरवर कॅशची एक ओळ ६४ बाइटची), मग बॅरियर (आधीचं लिहिणं पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना), आणि त्यानंतरच चॅनल सुरू करायचा.

फ्रेमबफरचं (स्क्रीनवरचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीचं) काम लगेच झालं. मेलबॉक्स (फर्मवेअरशी बोलण्याचा मार्ग) जो पत्ता परत देतो तो बसचा असतो. वरचे दोन बिट पुसले की कोअरला चालतो.

कोडमध्ये एक बदल केला आणि तो मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवेन. बसचा पत्ता आणि फिजिकल पत्ता हे दोन वेगळे स्ट्रक्ट केले, आत फक्त एक पूर्णांक. रूपांतराची फंक्शनं एकाच फाइलमध्ये. आता चुकीच्या जागी चुकीचा पत्ता टाकला की कंपायलरच अडवतो. दोन्हीकडे नुसता ३२ बिटांचा पूर्णांक ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

पुढचं काम ३एफ आणि सी हे आकडे कोडमधून काढून टाकण्याचं. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डेटाच्या) एसओसी नोडमध्ये 'रेंजेस' आणि 'डीएमए-रेंजेस' या दोन प्रॉपर्टींत हेच कोष्टक असतं: पहिलीत रजिस्टरांचं, दुसरीत रॅमचं. ६४ बिटांच्या कर्नलला फर्मवेअर ट्रीचा पत्ता कोअरच्या एक्स० रजिस्टरमध्ये देतं. आकडे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) असतात, तेवढं उलटून घ्यायचं. पाय ४ वर मूळ नोडचे पत्ते दोन सेलचे (सेल म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा) आहेत, म्हणून रेंजेसची एक नोंद तीनऐवजी चार सेलची होते. पार्सरला सेलची संख्या वाचूनच पुढे जावं लागेल. तिथे पेरिफेरल एफई०००००० ला आहेत आणि जुन्या डीएमए चॅनलांना पहिल्या १ जीबीपलीकडची रॅम दिसत नाही. त्यामुळे ॲलोकेटरमध्ये (मेमरी वाटून देणाऱ्या कोडमध्ये) डीएमएच्या बफरांसाठी वेगळा खालचा भाग राखून ठेवायला सुरुवात केली आहे.