एकच फेरी अकरा वेळा

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून भाच्याचा फोन आला. तो अकरावीत आहे. वाढदिवसाला मिळालेली रिमोटची गाडी त्याने चार महिन्यांत दोनदा पूर्ण उघडून पुन्हा जोडली आहे. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर त्याने मुद्द्यालाच हात घातला, "मामा, ह्या गाड्या चालवायचा खरंच पगार मिळतो का?" मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, गेली नऊ वर्षे जवळजवळ दर शनिवारी आरसी बग्गीच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या रिमोटच्या लहान गाडीच्या, शर्यतीत भाग घेतो, आणि त्यातले तीन मोसम एका कंपनीच्या पगारी चालकाचा पिटमधला (शर्यतीत गाडीत इंधन भरण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागेतला) मदतनीस म्हणून काम केले आहे. तरीही फोनवर त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते, आणि त्याच्या वयाच्या मुलाला अपुरे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पगार मिळतो. मात्र तो केवळ शर्यती जिंकण्याबद्दल मिळावा असे भाग्य जगभरात फार थोड्यांच्या वाट्याला येते. ह्या खेळातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे इफमार या आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक स्पर्धा. प्रत्येक गटासाठी ती साधारणपणे दोन वर्षांतून एकदा होते. विजेच्या मोटरवर धावणाऱ्या १/१० प्रमाणाच्या ऑफ-रोड बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झाली. त्यानंतरची १९८७ मध्ये इंग्लंडमधील रॉम्सी येथे झाली, आणि तेथे चारचाकी-चालनाच्या (चारही चाकांना मोटरची ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या) गटात जपानचा मासामी हिरोसाका वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेता झाला. पुढे त्याने एकूण १४ जागतिक विजेतेपदे मिळवली. हे आकडे भाच्याला पाठ आहेत. हिरोसाकाची गाडी त्याचे वडील तयार करत असत, ही गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. चालक ट्रॅकच्या कडेला उंच मंचावर उभा असतो. एका हातात पिस्तुलासारखा ट्रान्समीटर, तर्जनी ट्रिगरवर (ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक), दुसऱ्या हातात लहानसे स्टीअरिंगचे चाक. गाडी आपल्यापासून दूर जाते तेव्हा तिचे उजवे ते आपले उजवे असते, परंतु वळून आपल्याकडे येऊ लागली की तिचे उजवे आपल्या डावीकडे येते. नवशिक्या प्रत्येक वळणावर मनातल्या मनात हा हिशेब करतो आणि तेवढ्यात गाडी कठड्यावर आदळलेली असते. हा हिशेब बोटांत उतरावा यासाठी एकच उपाय मला ठाऊक आहे: मोकळ्या मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात, आणि आरटीओच्या परीक्षेत दुचाकीवर काढावा लागतो तसा इंग्रजी आठ त्यांच्याभोवती काढत राहावे, अगदी कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यानंतरही. उडीचेही असेच आहे. गाडी हवेत असताना ब्रेक दाबला तर फिरती चाके थांबतात आणि गाडीचे नाक खाली येते. ट्रिगर ओढला तर चाकांचा वेग वाढून नाक वर उचलले जाते. चांगला चालक उडी घेतल्यावर केवळ तर्जनीने गाडी हवेत सपाट करतो आणि उताराला समांतर उतरवतो. पाहणाऱ्याला त्यात काही घडले असे वाटतही नाही.

वेग मात्र सर्वांत शेवटी येतो, आणि हे मला स्वतःला पटायला तीन वर्षे लागली. पाच मिनिटांच्या शर्यतीचा साधा हिशेब मांडून पाहू. एक चालक २७.८ सेकंदांत फेरी मारू शकतो, परंतु ११ फेऱ्यांत दोनदा उलटतो आणि प्रत्येक वेळी चार सेकंद गमावतो. दुसरा प्रत्येक फेरी २८.२ सेकंदांत मारतो आणि एकदाही उलटत नाही. पहिल्याच्या ११ फेऱ्या ३१३.८ सेकंदांत पुऱ्या होतात, तर दुसऱ्याच्या ३१०.२ सेकंदांत. दर फेरीला ०.४ सेकंदांनी मंद असलेला माणूस साडेतीन सेकंदांनी पुढे राहतो. ज्या पगारी चालकासाठी मी काम केले, तो सरावाच्या दिवशी सर्वांत जलद फेरी कधी पाहतच नसे. छापील कागदावर सर्वांत जलद आणि सर्वांत मंद फेरीतले अंतर तो बोट ठेवून दाखवी, आणि ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आल्याशिवाय गाडीतला एकही स्क्रू बदलू देत नसे. कारण चालवण्यातच सातत्य नसेल तर केलेल्या बदलाचा परिणाम काय झाला हे कळण्यास मार्गच उरत नाही.

चालवण्याइतकाच वेळ टेबलावर जातो, किंबहुना अधिकच. १/८ प्रमाणाच्या नायट्रो बग्गीला, म्हणजे द्रव इंधनाच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीला, पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन डिफरन्शियल (वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअरचे डबे, थोडक्यात डिफ) असतात, आणि प्रत्येकात वेगळ्या घट्टपणाचे सिलिकॉन तेल भरावे लागते. मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री मी ती तिन्ही उघडून साफ करत असे. चार स्क्रू काढायचे, गिअर पुसून दातांवर नख फिरवून पाहायचे, तेल गळू न देणारी रबरी ओ-रिंग बदलायची, आणि मग बाटलीतून तेल सोडायचे. मधल्या डिफमधले सात हजारी तेल थेट काकवीसारखे पडते. त्याची धार तुटत नाही, स्वतःवरच घडी घालत बसते. आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकेच भरायचे, हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे, आणि मगच झाकण लावायचे. घाई केली तर अडकलेल्या हवेमुळे तीन डिफमधला मेळ बिघडतो, आणि अंतिम शर्यतीत वळणातून बाहेर पडताना गाडी शेपूट फेकू लागते. जागतिक स्पर्धेत ह्या गटाची अंतिम शर्यत एक तास चालते आणि टाकी १२५ घनसेंटिमीटरची असते, म्हणजे इंधनासाठी गाडी पुन्हा पुन्हा पिटमध्ये आणावी लागते. मदतनीसाने ती उचलायची, टाकी भरायची आणि परत ट्रॅकवर ठेवायची, हे सारे काही सेकंदांत. ते सेकंदही चालकाच्याच खात्यावर मांडले जातात.

माझ्या हातून झालेली एक चूकही भाच्याने वाचावी अशी माझी इच्छा आहे. चार वर्षांपूर्वी एका प्रादेशिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत मी दुसऱ्या क्रमांकावर होतो आणि सातव्या फेरीत गाडी एकाएकी थांबली. मोटर फिरत होती, चाके फिरत नव्हती. पिनियनचा, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या लहान गिअरचा, ग्रब स्क्रू सैल झाला होता, कारण सकाळी मोटर बदलताना मी त्यावर थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावले नव्हते. माझे वडील कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करत. नट आवळून झाला की त्यावर ते पांढऱ्या रंगाचा ठिपका देत, आणि ठिपका नसलेला नट म्हणजे न आवळलेला नट, असे त्यांचे साधे शास्त्र होते. मी लहानपणापासून ते पाहिले होते आणि तरीही पाळले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या पेटीत पांढऱ्या रंगाची लहान बाटली असते.

उरला पैशाचा प्रश्न. कंपन्यांचे पाठबळ पायऱ्यापायऱ्यांनी मिळते: आधी सुट्या भागांवर सवलत, मग फुकट भाग, मग मोठ्या शर्यतींचा प्रवासखर्च, आणि अगदी वरच्या पायरीवर पगार. गाडी एका कंपनीची, टायर दुसरीचे, मोटर आणि स्पीड कंट्रोलर तिसरीचे, रेडिओ चौथीचा, असे चारपाच करार मिळून एका चालकाचा उदरनिर्वाह होतो. परंतु करार टिकतो तो चालक शर्यतीव्यतिरिक्त काय करतो यावर. गाडी वळणात शिरताना पुढून सरकते की बाहेर पडताना मागून, शॉकचे (धक्के शोषणाऱ्या भागाचे) तेल बदलल्याने नेमके काय सुधारले, हे जो अभियंत्याला स्वच्छ शब्दांत सांगू शकतो, तो कंपनीला हवा असतो. जगज्जेता क्लिफ लेट टीम असोसिएटेडमध्ये अभियंता होता आणि पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. जेकॉन्सेप्ट्स ही टायर आणि बॉडी बनवणारी कंपनी जेसन रुओना या चालकानेच उभी केली. माझ्या ओळखीतले बहुतेक पगारी चालक आठवडाभर नव्या भागांची चाचणी घेणे, भागांचे आराखडे काढणे, संघाचे व्यवस्थापन पाहणे अशी कामे करतात. त्यामुळे अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ह्या मार्गाला लागावे असे मी कोणालाही सांगणार नाही. हा भीतीपोटी दिलेला सल्ला नाही; ते शिक्षण ह्याच कामाचा भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओत कधी दिसत नाही. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत ट्रॅकवर मार्शल म्हणून उभे राहावे लागते आणि उलटलेल्या इतरांच्या गाड्या सरळ कराव्या लागतात. मी ज्याच्यासाठी काम केले तो चालक अंतिम शर्यत हरल्यानंतरही सर्वांच्या आधी आपल्या जागेवर जाऊन उभा राहत असे, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या गाडीकडेही तितक्याच जोराने धावत असे. कंपन्यांची माणसे कठड्यापाशी उभी राहून हे पाहत असतात.

फोनच्या शेवटी मी भाच्याला नवी गाडी घेऊ नकोस, आहे त्याच गाडीवर दोन बाटल्या ठेवून वीस फेऱ्या मार आणि वेळा लिहून पाठव, असे सांगितले होते. काल रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सर्वांत जलद फेरी ११.३ सेकंदांची होती आणि तिच्याभोवती त्याने लाल गोल काढला होता. सर्वांत मंद १५.६ ची. लाल गोल खोडून टाक आणि रविवारी पुन्हा वीस फेऱ्या मोजून पाठव, असे त्याला कळवले आहे.