बोलता येते म्हणजे लाइन चांगली?

१९९८ मध्ये व्ही.९० हे मानक आल्यावर ५६के मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणक इंटरनेटला जोडणारे, सेकंदाला ५६ हजार बिट वेगाचे यंत्र, निवडणे सोपे झाले. त्याआधी एक्स२ आणि के५६फ्लेक्स या दोन तंत्रांपैकी जे इंटरनेट सेवादात्याकडे असेल तेच आपल्याकडे असावे लागे. जळगावहून मोडेम आणणे, विंडोज ९८ मध्ये ड्रायव्हर बसवणे, खाते उघडणे, हे सारे विनासायास पार पडले. छळ झाला तो आमच्या तालुक्याच्या टेलिफोन कार्यालयात.

जोडणी लागे, पण मेल उतरू लागली की तुटे. पहाटे दंव पडलेले असले तर हटकून तुटे. तक्रार घेऊन गेले की टेबलामागचे साहेब एकच विचारीत, "फोनवर बोलता येते ना?" होय म्हटले की वही मिटली. बोलणाऱ्याचा कान खरखर गाळून शब्द तेवढे उचलतो, मोडेमला मात्र तीच खरखर चुकलेली माहिती म्हणून भोवते, आणि मग तो पुन्हा पुन्हा वेग उतरवत शेवटी लाइन सोडून देतो, हे सांगूनही साहेबांचा प्रश्न बदलला नाही. त्यावर "आमच्याकडे घंटी वाजते, म्हणजे लाइन ठीक आहे" असे उत्तर मिळे. त्याचा संताप अजून गेलेला नाही.

अखेर मी वाद सोडला आणि लाइनमन नानांनाच घरी बोलावले. रिसीव्हर उचलून एकच आकडा फिरवला की डायल टोन थांबतो, आणि त्या शांततेत लाइनचा खरा आवाज कळतो. नानांनी तो ऐकला, मग खांबावरच्या डब्यात आपला फोन जोडून ऐकला. तिथे लाइन स्वच्छ होती. म्हणजे दोष खांब आणि घर यांमध्येच. वळचणीखाली काळी टेप गुंडाळलेला जोड त्यांनी सोडवला, तर आतले तांबे हिरवे पडून तारेचे दोन-तीन पदरच शाबूत उरले होते. जोड नवा केल्यावर सेकंदाला ४४,००० बिटांचा वेग लागला आणि टिकला. तक्रारवहीत मात्र माझ्या नावापुढे "दोष आढळला नाही" असाच शेरा आहे.

कार्यालयात जाण्यापूर्वी समांतर जोडलेला दुसरा फोन काढून मोडेम थेट रोझेटला, म्हणजे फोनची तार जिथे येते त्या भिंतीवरच्या डबीला, लावून पाहावा, नाहीतर दोष तुमच्याच घरातला असे ऐकावे लागते. पडद्यावर १,१५,२०० दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग असतो. व्ही.९० मध्ये अपलोड ३३.६के च्या वर जात नाही, त्यासाठी लाइनमनला दोष देऊ नये. डायल टोन नाही असे सांगणारी ६८० ही त्रुटी पडद्यावर आली आणि डायल टोन कानाला ऐकू येत असेल, तर मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये एक्स३ ही आज्ञा घालावी, म्हणजे मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. आणि मृगाच्या विजा सुरू झाल्या की वायर रोझेटमधून काढूनच ठेवावी. मोडेमचे बटण बंद करून भागत नाही, वीज टेलिफोनच्या तारेनेही घरात येते.